बिजलीला रस्त्यावर आणणारा मास्तर

चहा आधी संपवून घ्या, मग ऐका. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या साडूंनी भरला कप स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला आणि वर शिव्या मलाच दिल्या. तेव्हा कप खाली. ठेवला? हां. आता माझी अब्रू घालवायला मी मोकळा.

मी पडलो मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाला. राजारामपुरीत आमचं ऑफिस, वर एक मोकळी खोली, खाली दारात लाल ‘एल’ लावलेली गाडी. अर्ध्या कोल्हापूरला क्लच सोडायला मी शिकवलंय, असं मी सांगतो. उरलेलं अर्धं म्हणूनच बसनं फिरतंय, असं आमची बायको सांगते. लोक मला ‘मास्तर’ म्हणतात, आणि खरं सांगू का, हे मास्तर-मास्तर ऐकूनच माझा घात झाला. सगळे मास्तर म्हणायला लागले की माणसाला वाटतं, आपल्याला शिकवता येत नाही अशी गोष्टच जगात उरलेली नाही.

तर झालं काय, माझी पुतणी सानिका. आम्ही गडमुडशिंगीत राहतो, भाऊ-वहिनी, मी, बायको, सगळे एकाच घरात. पोरगी नववीत. डोकं असं तल्लख की आमच्या खानदानात ते कुठून आलं याच्यावर वहिनीच्या माहेरचे लोक अजून हक्क सांगतात. शाळेत रोबोटिक्सची टीम आहे, त्याची ती कॅप्टन.

आता रोबो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? हात-पाय हलवणारा लोखंडी माणूस? माझ्याही तेच आलं होतं. प्रत्यक्षात होती जेवणाच्या डब्याएवढी एक गाडी. चिमुकली चाकं, वर वायरींचा गुंता, पोटाखाली बारीक बारीक दिवे. पोरांनी नाव ठेवलं होतं बिजली. फक्त ही बिजली जाईल तिथं पडायची. सांगलीला हरली, इचलकरंजीला हरली, आणि घरच्या मैदानात, म्हणजे कोल्हापुरातच, तर निघायच्या जागेवरच रुसून बसली.

एक दिवस मी संध्याकाळी घरी आलो तर पोरगी पायरीवर बसून रडतेय. दप्तर एकीकडे, बिजली मांडीवर.

“काय झालं गं?”

“काका, शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलंय, पेठ वडगावची स्पर्धा शेवटची. तिथं बिजली निदान शेवटच्या खुणेपर्यंत पोचली न्हाय, तर रोबोटिक्सची खोली बंद.”

“बंद म्हंजे?”

“म्हंजे तिथं लेझीम नि ढोल ठेवणार हाईत.”

बघा, मला लेझमाचा राग नाही. मी स्वतः शाळेत लेझीम खेळलोय. पण या पोरांनी त्या खोलीत सुट्ट्या घालवल्या होत्या. बाकीची पोरं रंकाळ्यावर भेळ खात असताना ही मंडळी तिथं वायरी सोलत बसायची. पोरगी अशी हुंदके देऊन रडताना बघून मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

“रडू नगंस. मला सांग, गाडीला झालंय काय?”

“सारखी रस्ता सोडत्या, काका. वळण आलं की सरळच जात्या.”

आता तुम्हीच सांगा! ड्रायव्हिंग स्कूलवाल्यासमोर कुणी हे वाक्य बोलावं का? वळणावर सरळ जाणारी माणसं रोज सकाळपासून माझ्या शेजारी बसलेली असतात! त्यांना वळायला शिकवूनच तर मी घर चालवतो!

“एवढंच व्हय?” मी मांडीवर थाप मारली. “अगं मग हे माझं काम हाय की! उद्यापासनं प्रॅक्टिस आपल्या ऑफिसच्या माडीवर. बिजलीला रस्त्यावर न्हाय आणली तर नाव बदलीन.”

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. बायको म्हणाली, “अहो, त्यातलं तुमास्नी काय कळतंय?”

“रस्ता म्हंजे रस्ता. गाडी म्हंजे गाडी. त्यात कळायचं काय हाय?”

हे माझं वाक्य लक्षात ठेवू नका. मीच विसरायचा प्रयत्न करतोय.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. सानिका, तिच्या वर्गातला ओंकार आणि आणखी दोघं-तिघं वायरी धरायला. ओंकारच्या वडिलांची दूध डेअरी आहे. पोरगा शिडशिडीत, चष्मेवाला, कमी बोलणारा. त्यांनी जमिनीवर एक भला मोठा काळाकुट्ट फ्लेक्स अंथरला. त्याच्यावर बोटभर जाडीची पांढरी रेघ, वळणं घेत घेत गेलेली. मी एका नजरेत ओळखलं, हा हायवे आणि ही मधली पांढरी पट्टी.

मग मी ड्रायव्हर कोण ते शोधलं. सगळ्यांत हातात काहीतरी धरून बसलेला ओंकार एकटाच होता. मांडीवर लॅपटॉप, बोटं त्याच्यावर. म्हटलं, हाच तो. वळणावर सरळ जाणारा.

“ओम्या, सरळ बस आधी. पाठ टेकव. नजर कुठं हाय तुझी?”

“स्क्रीनवर, काका.”

“तितंच चुकालंय! नजर लांब ठेवायची. रस्त्यावर. वळण यायच्या आधी वळण डोक्यात आलं पायजे.”

ओंकारनं सानिकाकडं बघितलं. सानिका म्हणाली, “काका, तो चालवत न्हाय. ती आपोआप जात्या.”

“आपोआप तर माझ्या शिकाऊ लोकांची पण जात्या, उतारावर! त्याला ड्रायव्हिंग म्हणत न्हाईत.”

“तसं न्हवं काका, खालचे दिवे हाईत की, ते पांढरी…”

“त्येच सांगणार होतो! दिवसाढवळ्या दिवे कशाला लावलाईसा? बॅटरी उतरते की त्यानं.”

पोरगी गप्प झाली. मला वाटलं, पटलं. तुम्हाला सांगतो, समोरचा गप्प झाला की त्याला पटलंच, असं धरून मी आयुष्यात बरंच पुढं आलोय. लग्नात तर फारच.

मग सुरू झालं आमचं शिक्षण. बिजली निघाली की मी फ्लेक्सच्या कडेनं तिच्याबरोबर चालायचो आणि ओरडायचो, “डावीकडं घे! डावीकडं!” आणि काय आश्चर्य, बिजली डावीकडं वळायची! “आता उजवीकडं, हळू, हळू!” की ती उजवीकडं! माझ्या एका शब्दावर ओंकारचा हात बसायला लागला होता. चुकलीच तर मी ओंकारच्या खांद्यावर थापटून म्हणायचो, “असूदे, पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांचंच हुतंय.” ओंकार बिचारा म्हणायचा, “हो काका.”

तुम्ही म्हणाल, पोरांनी मला बाहेर का नाही काढलं? एक तर जागा माझी. शाळेची खोली शाळा सुटली की कुलूपबंद व्हायची, मग जाणार कुठं? आणि दुसरं म्हणजे मी येताना कोपऱ्यावरच्या गाड्यावरून गरमागरम कांदाभजी आणायचो. एकदा जिन्यात मी स्वतः ऐकलं. वायरी धरणारा एक पोरगा विचारत होता, “हे काका रोज येणार हाईत काय रे?” तर ओंकार म्हणाला, “गप बस की, भजी येत्यात न्हवं.” मला वाटलं, पोरगा कृतज्ञ आहे.

एका संध्याकाळी मला आरटीओच्या कामात उशीर झाला. भज्यांचा पुडा घेऊन माडीवर गेलो तर पोरं नाचत होती. बिजली सगळी वळणं घेऊन सरळ शेवटाला पोचली होती!

“काका, सेन्सर लई वर बसले हुते,” सानिका एका दमात सांगत होती. “जमिनीच्या जवळ आणले आणि लगेच जमलं!”

मी सगळं ऐकलं आणि त्यातलं मला पाहिजे तेवढं घेतलं. म्हणजे ‘जमलं’ एवढंच. सरळ ओंकारपाशी गेलो, त्याची पाठ थोपटली आणि म्हणालो, “बघ, नजर लांब ठेवली की कसं हुतंय!”

त्या आठवड्यात चौकात जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो. किराणा दुकानदाराला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. गाडी शिकायला आलेल्या एका डॉक्टरीणबाईंना तर चालू गाडीत सांगितलं. त्या भाबडेपणानं म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही रोबोटिक्सचे पण मार्गदर्शक आहात?” मी म्हटलं, “व्हय की. पुढचं वळण उजवीकडं.”

इथपर्यंत काय बिघडलं होतं? काही नाही! पोरांची गाडी चालत होती आणि माझी छाती फुगलेली होती. मी तिथंच थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी दाढी करताना माझ्या मनात आलं, अरे, बिजलीची पूजाच झालेली नाही!

तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडं नवी गाडी शोरूममधून निघते ती हार घालून, कुंकवाचं स्वस्तिक काढून, नारळ फोडून. चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय गाडी रस्त्याला लागत नाही, मग ती सायकल असो नाहीतर जेसीबी. माझ्या ‘एल’वाल्या गाडीसमोर दर दसऱ्याला मी स्वतः रांगोळी काढतो, आणि मी काढलेली वेल बघून बायका विचारतात, वहिनींनी काढली काय म्हणून. आणि ही बिजली? सांगलीला गेली तशीच, इचलकरंजीला गेली तशीच! मग हरेल नाहीतर काय करेल? मला तर एकदम सगळा उलगडा झाल्यासारखं झालं. तोंडाला साबण तसाच ठेवून मी बायकोला हाक मारली, “अगं, रांगोळीचा डबा कुठाय?”

सकाळी आम्ही सगळे पेठ वडगावला निघालो. माझ्या पिशवीत हार, हळद-कुंकू, लिंबं, नारळ आणि रांगोळी. सानिकानं विचारलं, “काका, पिशवीत काय हाय?” म्हटलं, “तुझं नशीब हाय.”

स्पर्धा तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. जमीन काळ्या कडप्प्याची, पुसून चकचकीत केलेली. मध्यभागी स्पर्धेचा काळा फ्लेक्स, त्याच्यावर पांढरी रेघ. समोरच्या बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या पुढं पितळेची समई. उद्घाटन झालं, भाषणं झाली, आणि मग आयोजकांनी सांगितलं, मागच्या पटांगणात पोहे आहेत, खाऊन घ्या. हॉल बघता बघता रिकामा झाला.

“तुमी खाऊन या जावा,” मी पोरांना म्हटलं. “मी बसतो की राखण.”

“काका, कशाला हात लावू नका हं,” सानिका जाता जाता म्हणाली.

“मी? अगं मी कशाला लावीन?”

पोरं दाराबाहेर गेली आणि मी पिशवी उघडली.

आता माझी अक्कल बघा. नारळ मी हॉलमध्ये फोडला नाही! म्हटलं, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, पाणी उडालं तर? बाहेर पायरीवर जाऊन फोडला. बिजलीला कुंकू लावताना खालच्या दिव्यांना लागू दिलं नाही. लिंबू चाकाखाली ठेवलं तर चिरडायचं सोडून बिजलीच त्याच्यावर चढून बसली, तेव्हा ते मी अंगठ्यानं फोडून चाकाला नुसता हात लावला. एवढी सगळी काळजी घेतली मी! कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, माणूस जबाबदार आहे.

राहिली रांगोळी. तो काळाभोर फ्लेक्स, त्याला लागून ती काळी फरशी. अहो, असल्या जमिनीवर पांढरी रांगोळी काय उठून दिसते! माझे हात शिवशिवायला लागले. पण मी काही रस्त्याच्या मधोमध रांगोळी काढणारा मूर्ख नाही. रस्ता वाहतुकीला मोकळा पाहिजे, हे मी रोज शिकवतो. म्हणून मोठ्या वळणाची जागा निवडली. तिथून एक वेल काढली, फ्लेक्सवरून फरशीवर, नागमोडी वळणं घेत थेट समईपर्यंत, आणि समईभोवती एक छान गोल. जाडीसुद्धा रस्त्याच्या पट्टीएवढीच ठेवली, जोडीला जोड दिसावी म्हणून. आणि सुरुवात त्या पांढऱ्या रेघेला अगदी चिकटवून केली. तुटक रांगोळी मला आवडत नाही.

तेवढ्यात घंटा झाली आणि लोक आत घुसले. आमचाच नंबर पहिला! पोरं तोंड पुसत धावत आली, बिजलीला उचलून निघायच्या जागेवर नेलं. ती जागा पार त्या टोकाला, आणि मध्ये गर्दी. सानिकाला काही माझी वेल दिसली नाही. मी मात्र वेलीच्या कडेला हात पसरून उभा होतो. “ओ पावणं, बाजूला सरा जरा, रांगोळी हाय! ओ ताई, पदर सांभाळा!” एकाचाही पाय मी तिला लागू दिला नाही. एखादा जरी धसमुसळा माणूस तिथून चालत गेला असता तर आज माझं नाव शाबूत असतं.

परीक्षक बाईंनी शिट्टी वाजवली. तरुण होत्या, पुण्याहून आलेल्या, हातात घड्याळ. बिजली निघाली.

आणि काय निघाली म्हणता! पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. मी इकडून ओरडतोय, “डावीकडं! शाब्बास! आता उजवीकडं!” आणि ती ऐकतेय! सानिका तोंडावर हात घेऊन उड्या मारतेय. मोठ्या बाई स्वतः आल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरसुद्धा मला पहिल्यांदा हसू दिसलं. बिजली मोठ्या वळणाशी आली.

“उजवीकडं घे!” मी ओरडलो.

बिजली उजवीकडं वळली नाही. सरळ आली. फ्लेक्स सोडून फरशीवर उतरली आणि माझ्या वेलीवरून, तिचं एकेक वळण घेत, डुलत डुलत, माझ्या पायांसमोरून पाहुण्यांच्या दिशेनं निघाली.

प्रमुख पाहुणे म्हणजे तिथले एक वयस्कर पुढारी, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा. समोरून ते डब्याएवढं धूड दिवे लावून आपल्याकडंच येतंय म्हटल्यावर त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. “आरं, आवरा की ह्येला!” ते ओरडले. पण बिजली त्यांच्यापर्यंत गेलीच नाही. समईपाशी आली आणि माझ्या गोलावरून समईभोवती फिरायला लागली.

एक फेरी झाली. दुसरी झाली. मागं बसलेल्या एका आजीबाईंनी हात जोडले. कोणीतरी “गणपती बाप्पा” म्हणालं, निम्म्या हॉलनं “मोरया” केलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मला तर भरून आलं. शर्यत सोडून आधी देवाला प्रदक्षिणा! काय हे संस्कार!

“ओम्या, नाद खुळा!” मी वळून ओरडलो. “काय चालवालाईस रं!”

ओंकार माझ्या मागंच उभा होता. दोन्ही हात डोक्यावर.

“लॅपटॉप कुठाय तुझा?”

“बॅगेत.”

“मग गाडी कोण चालवालंय?”

“तुमची रांगोळी चालवालीय, काका.”

“म्हंजे?”

“ती पांढऱ्या रेघेवरनं जात्या. खालच्या दिव्यांनी रेघ बघत्या नि तिच्या मागं जात्या. मी कधीच चालवत न्हवतो.”

तुम्ही कधी चालत्या बसमध्ये चढायला गेलाय आणि पायरीच सापडली नाही, असं झालंय? तसं झालं मला. म्हणजे इतके दिवस मी ‘डावीकडं’ ओरडायचो आणि ती वळायची, ती… रेघच डावीकडं वळलेली होती म्हणून! आणि ‘नजर लांब ठेव’ असं मी त्या पोराला बजावत होतो, तेव्हा तो बिचारा बॅटरी किती उरलीय ते बघत होता!

मी सानिकाकडं बघितलं. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती समईभोवती फिरणाऱ्या बिजलीकडं बघत उभी होती. शेजारी मोठ्या बाई, त्यांचं हसू गेलेलं. मला लाज वाटली. थट्टेतली नव्हे, खरीखुरी. या पोरांची खोली मी माझ्या हातानं बंद केली होती, आणि तीही वेलबुट्टी काढून.

मी गर्दीतून वाट काढत परीक्षक बाईंपुढं उभा राहिलो.

“मॅडम, पोरांची काय चूक न्हाय. ती रांगोळी मी काढली.”

“तुम्ही?” त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. शर्टाला कुंकू, बोटांना रांगोळी, हातात लिंबू. “आपण या टीमचे कोण?”

मी छाती काढणार होतो, पण ती निघेना. “मार्गदर्शक,” मी पुटपुटलो.

“नीट सांगा. नियम साधा आहे. ट्रॅकवर बाहेरच्या माणसानं अडथळा केला असेल तर पुन्हा संधी देता येते. टीममधल्यानंच केला असेल तर नाही. मग हे टीमचे आहेत की बाहेरचे?”

मी तोंड उघडायच्या आत सानिका पुढं आली.

“बाहेरचे, मॅडम.”

“नक्की?”

“एकदम बाहेरचे,” ओंकार म्हणाला. एवढं ठामपणानं तो पोरगा त्या आधी कधीच बोलला नव्हता.

सख्खा काका मी! जन्मली तेव्हा हॉस्पिटलमधून घरी माझ्याच गाडीतून आणलेली पोरगी! पण तुम्हाला खरं सांगतो, तेवढा आनंद मला ‘काका’ म्हटल्यावर कधी झाला नव्हता.

“मॅडम, पोरं खरं बोलत्यात,” मी म्हणालो. “माझा ह्यांचा काय संबंध न्हाय.”

परीक्षक बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, “ठीक आहे. सगळ्यांचं झालं की शेवटी यांना पुन्हा संधी. पण बाहेरचं जे काही आत आलंय ते सगळं हॉलमधून काढा.” मी रांगोळी पुसायला वाकलो, तर त्या म्हणाल्या, “सगळं म्हणजे सगळं, काका.” आणि दाराकडं बोट केलं.

ओल्या फडक्यानं मी ती वेल पुसली. गुडघ्यावर बसून, समईपासून वळणापर्यंत, फडकं पिळून पिळून. पाहुण्यांनी पाय खाली सोडायच्या आधी विचारलं, “आता न्हाय न्हवं येत ती?” मग मी पिशवी उचलून बाहेर व्हरांड्यात गेलो. हॉलला काचेचं मोठं दार होतं, ते मागून लावून घेतलं. आतलं दिसत होतं सगळं, पण ऐकू काही येत नव्हतं.

एकेक टीम होत गेली. मी काचेला नाक लावून उभा. शेवटी बिजलीला पुन्हा ठेवलं. यावेळी मी तोंडातून ‘डावीकडं’ काढलं नाही. दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. पहिलं वळण. दुसरं. मोठं वळण आलं आणि मी नाक काचेवर आणखी दाबलं. बिजली जराशी थबकली, अंग झटकल्यासारखं केलं आणि वळली! पुढची वळणं तिनं कशी घेतली ते सांगता येत नाही, मी काचेवर साठलेली वाफ पुसत होतो, पण दिसलं तेव्हा ती शेवटच्या खुणेवर उभी होती आणि सगळी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती.

नंबर काही आला नाही हो. पण शेवटपर्यंत पोचली! मोठ्या बाई सानिकाच्या डोक्यावरून हात फिरवताना मी बघितलं आणि समजलो, लेझीम आहे तिथंच राहणार. व्हरांड्यात मी एकटाच डोळे पुसत होतो.

मग बक्षीस समारंभ. विजेत्या टीमला बोलवून झालं आणि परीक्षक बाईंनी सानिकाला पुढं बोलावलं, हातात माइक दिला. काहीतरी विचारलं. सानिका बोलायला लागली. आणि बोलता बोलता तिनं हात लांब करून काचेकडं, म्हणजे माझ्याकडं बोट दाखवलं!

अख्खा हॉल वळला. पाहुणे वळले, मोठ्या बाई वळल्या. सगळ्यांचे चेहरे फुललेले. आणि टाळ्या! काचेतून आवाज येत नव्हता, पण हात दिसत होते. एवढं सगळं होऊनसुद्धा पोरीनं काकाचं नाव घेतलं! मी पिशवी खाली ठेवली, शर्ट नीट केला आणि हात जोडून वाकलो. इकडच्या बाजूला वाकलो, तिकडच्या बाजूला वाकलो. टाळ्या वाढल्या. मी दोन्ही हात वर करून हलवले. टाळ्या आणखी वाढल्या. एक माणूस तर हसता हसता खुर्चीवरून घसरला. मला वाटलं, आनंदानं.

कार्यक्रम संपला आणि पहिल्यांदा बाहेर आली ती आमची बायको. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला.

“काय म्हणाली गं पोरगी?” मी डोळे पुसत विचारलं.

“मॅडमनी विचारलं, ज्या टीम सारख्या हरत्यात त्यांना काय सांगशील?”

“मग?”

“ती म्हणाली, रोबो उघडून बघायच्या आधी टीमच्या आसपास कोण सगळ्यात जास्त बोलतंय ते बघा. आणि त्याला गोडीगुलाबीनं काचेच्या पलीकडं उभं करा. आमी आमचा तितं उभा केलाय, बगा.”

मी हळूच विचारलं, “आणि लोक टाळ्या कशाला वाजवालते?”

“टाळ्या कुठल्या? लोक पोट धरून हसालते! आणि तुमी हात वर करून, आणखी वाजवा, आणखी वाजवा म्हणून खुणवालता!”